लिनक्सवर अडलेला पोर्ट मोकळा करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्ट अडला की प्रश्न बहुधा एकाच शब्दांत येतो : 'पोर्ट कसा किल करू?' तपशिलात गेल्यावर मात्र प्रत्येकाची अडचण वेगळी निघते. म्हणून आलेले प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत आणि जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि, वेगळे सांगितले नसेल तर, लहान अक्षरांत द्याव्यात. उदाहरणांत पोर्ट ८०८० धरला आहे. तिथे आपला क्रमांक घालावा.

१. 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असा संदेश येतो. म्हणजे नेमके काय झालेले असते?

पोर्ट हा ० ते ६५५३५ यांमधला केवळ एक क्रमांक आहे. एखादा प्रोग्राम सॉकेट, म्हणजे नेटवर्कवर बोलण्याचे आपले टोक, उघडतो, ते एका पत्त्याशी आणि पोर्टशी बांधतो आणि ऐकू लागतो, तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याची नोंद करून ठेवतो. त्याच प्रोटोकॉलवर, त्याच पत्त्यावर आणि त्याच पोर्टवर दुसरा प्रोग्राम हक्क सांगायला आला की कर्नल त्याला त्रुटी क्रमांक ९८ देऊन परत पाठवतो. पायथनमध्ये हा ९८ आकडा संदेशातच दिसतो, तर इतर भाषांत बहुधा नुसते शब्द येतात.

यावरून लक्षात येईल की पोर्ट स्वतः चालू किंवा बंद होत नसतो. तो कोणीतरी धरून ठेवलेला असतो आणि धरणाऱ्याने सॉकेट सोडले की मोकळा होतो. प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, नीट संपो, कोसळो किंवा मारली जावो, तिच्या उघड्या फाइली आणि सॉकेटे कर्नल स्वतःच बंद करतो. मात्र एकच सॉकेट दोन प्रोसेसच्या हातात असेल, तर दोघींनी सोडल्याशिवाय ते बंद होत नाही. बारावा प्रश्न सगळा या एका गोष्टीवर उभा आहे.

२. कोणती प्रोसेस पोर्ट धरून बसली आहे हे कसे शोधावे?

आजच्या बहुतेक वितरणांत त्यासाठी एसएस ही कमांड असते. पूर्वीच्या नेटस्टॅटची जागा तिने घेतली आहे.

`सुडो एसएस -एलटीएनपी 'स्पोर्ट = :८०८०'`

यातले सुडो कमांडला रूटचे, म्हणजे यंत्राच्या मुख्य वापरकर्त्याचे, अधिकार देते. एल म्हणजे फक्त ऐकणारी सॉकेटे, टी म्हणजे टीसीपी, एन म्हणजे नावांऐवजी आकडे आणि पी म्हणजे प्रोसेस. यूडीपीसाठी टीच्या जागी यू द्यावा. टीसीपीचा ८०८० आणि यूडीपीचा ८०८० हे दोन स्वतंत्र पोर्ट आहेत, त्यामुळे एक अडला म्हणून दुसरा अडत नाही. ३००० या पोर्टसाठी येणारे उत्तर साधारण असे दिसते :

`लिसन ० ५११ *:३००० *:* युजर्स:(("नोड",पीआयडी=४८२१६,एफडी=१९))`

यातला ४८२१६ हा प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे पीआयडी. १९ हा त्या प्रोसेसच्या दृष्टीने सॉकेटचा क्रमांक आहे. ५११ हा प्रतीक्षेत राहू शकणाऱ्या जोडण्यांच्या रांगेचा आकार आहे. पुष्कळ जण घाईत त्यालाच पीआयडी समजतात.

एलसॉफ ही कमांडही चालते, पण तिच्यासोबत ऐकणाऱ्या सॉकेटांची अट घालावी लागते. न घातल्यास काय होते ते सातव्या प्रश्नात आहे.

३. पोर्ट व्यापलेला दिसतो, पण प्रोसेसचा रकाना रिकामा आहे. असे का?

बहुतेक वेळा सुडो द्यायचे राहिलेले असते. सामान्य वापरकर्त्याला फक्त स्वतःच्या प्रोसेसची सॉकेटे पाहता येतात. दुसऱ्याच्या किंवा रूटच्या प्रोसेसने धरलेला पोर्ट त्याला दिसतो, पण तो कोणाचा आहे हे कळत नाही. सुडो देऊनही रकाना रिकामाच असेल तर चौदावा प्रश्न पाहावा.

४. उत्तरात नुसते 'नोड' किंवा 'जावा' येते आणि माझ्याकडे तशा पाच चालू आहेत. ही त्यांतली कोणती?

पीआयडी हाती असेल तर `पीएस -एफपी ४८२१६` दिल्यावर ती प्रोसेस कोणी, केव्हा आणि कोणत्या पूर्ण ओळीने सुरू केली ते दिसते. तरीही संभ्रम राहिला तर `सुडो रीडलिंक /प्रॉक/४८२१६/सीडब्ल्यूडी` द्यावी. प्रोसेस सध्या ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर ती सांगते, आणि विकासकाच्या यंत्रावर तेवढ्यावरून प्रकल्प ओळखता येतो. माझ्या अनुभवात पहिल्या कमांडपेक्षा ही दुसरीच अधिक उपयोगी पडते, कारण पाचही प्रकल्प सुरू करण्याची ओळ सहसा एकसारखीच असते.

नावाच्या जागी 'एसएसएच' (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्राम) दिसले तर चकित होऊ नये. कधीतरी उघडलेला आणि नंतर विसरलेला टनेल स्थानिक पोर्ट धरून बसलेला असतो.

५. पीआयडी मिळाला. आता ती प्रोसेस बंद कशी करावी?

ज्या टर्मिनलमध्ये ती चालू आहे ते समोर असेल तर तिथे कंट्रोल-सी दाबावे. सर्व्हिस म्हणून चालू असेल तर सर्व्हिस थांबवावी (प्रश्न ९), आणि कंटेनरमध्ये, म्हणजे डॉकरसारख्या साधनाने वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, असेल तर कंटेनर (प्रश्न ११). म्हणजेच ज्याने सुरू केली त्याच्याकरवीच ती बंद करावी. यातले काहीच लागू नसेल तेव्हा `किल ४८२१६` द्यावी.

नावावरून वाटते तशी किल ही कमांड मारतेच असे नाही. ती सिग्नल पाठवते, आणि वेगळे सांगितले नाही तर टर्म, म्हणजे क्रमांक १५ हा सिग्नल जातो. 'काम आवरून बाहेर पडा' अशी ही विनंती असते. प्रोग्राम ती ऐकतो, हातातली कामे संपवतो, तात्पुरत्या फाइली पुसतो आणि जातो. त्याला पाच-दहा सेकंद द्यावेत, मग दुसऱ्या प्रश्नातली कमांड पुन्हा चालवून पोर्ट सुटला का ते पाहावे. प्रोसेस दुसऱ्याच्या मालकीची असेल तर किलच्या आधी सुडो लागते.

शोध आणि किल यांच्यामध्ये बराच वेळ गेला असेल तर पीआयडी पुन्हा तपासावा. हे क्रमांक कालांतराने नव्या प्रोसेसना दिले जातात.

६. सरळ किल -९ दिले तर काय बिघडते? मी तर नेहमी तेच देतो.

बहुतेक वेळा काही बिघडत नाही, आणि म्हणूनच ती सवय जडते. क्रमांक ९ चा सिग्नल प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही. कर्नल त्याला जागच्या जागी संपवतो. त्यामुळे लिहायचा राहिलेला मजकूर लिहिला जात नाही, लॉक फाइल आणि पीआयडी फाइल मागे राहतात आणि अपत्य प्रोसेस पोरक्या होऊन चालू राहतात. घरच्या यंत्रावरच्या चाचणी सर्व्हरला यातले काहीच जाणवत नाही.

डेटाबेसला जाणवते. पोस्टग्रेसचे उदाहरण घ्यावे : टर्म आल्यास तो नव्या जोडण्या नाकारतो, पण जुन्या संपण्याची वाट पाहत बसतो. इंट, म्हणजे क्रमांक २ आल्यास चालू व्यवहार मागे घेऊन लगेच पण व्यवस्थित बंद होतो. पाच मिनिटे झाली तरी टर्मने पोस्टग्रेस जात नाही, तेव्हा तो अडकलेला नसून कोणाची तरी जोडणी उघडी असते. अशा वेळी ९ न देता २ द्यावा. मुख्य प्रोसेसला ९ दिल्यास तिला सामायिक स्मृती सोडण्याची संधी मिळत नाही आणि पुढच्या वेळी डेटाबेस सुरू होताना सावरणीचे काम करावे लागते.

टर्म देऊन, थांबून, पुन्हा पाहूनही प्रोसेस हलत नसेल तेव्हाच `किल -९` द्यावी.

७. शोधणे आणि मारणे एका ओळीत करणारी कमांड नाही का?

आहे, आणि ती देण्यापूर्वी हे उत्तर शेवटपर्यंत वाचावे. सर्वांत जास्त फिरणारी ओळ अशी : `किल -९ $(एलसॉफ -टी -आय:८०८०)`. ही ओळ ८०८० वर ऐकणाऱ्या प्रोसेसपुरती थांबत नाही. ज्या जोडणीच्या कोणत्याही टोकाला ८०८० आहे, त्या जोडणीची या यंत्रावरची प्रत्येक प्रोसेस तिच्या यादीत येते. ब्राउझरमध्ये तेच पान उघडे असेल तर ब्राउझरही येतो. मी स्वतः ही ओळ दिली होती तेव्हा सर्व्हरबरोबर ब्राउझर नाहीसा झाला, आणि त्यातला अर्धा भरलेला लांबलचक अर्जही गेला. सर्व्हर कोसळताना ब्राउझरलाही घेऊन गेला असेल, असा तर्क करण्यात त्यानंतरची पंधरा मिनिटे गेली.

एलसॉफ वापरायचेच असेल तर अट घालावी :

`एलसॉफ -टी -आयटीसीपी:८०८० -एसटीसीपी:लिसन`

यात दोन्ही ठिकाणचा टीसीपी आणि शेवटचा लिसन हे शब्द मोठ्या अक्षरांत द्यावेत. त्यांच्याआधीचे आय आणि एस लहानच राहतात.

दुसरा पर्याय फ्यूजरचा : `फ्यूजर -के ८०८०/टीसीपी`. फ्यूजर स्थानिक पोर्ट पाहतो, त्यामुळे दुसऱ्या टोकाचा ब्राउझर वाचतो. पण फ्यूजरचा -के पर्याय मुळातच ९ क्रमांकाचा सिग्नल पाठवतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विनंती पाठवायची असेल तर `फ्यूजर -के -टर्म ८०८०/टीसीपी` द्यावी, टर्म मोठ्या अक्षरांत. सोबत -आय दिल्यास प्रत्येक प्रोसेसबद्दल आधी विचारले जाते.

८. कंट्रोल-झेड दाबून सर्व्हर बंद केला, तरी पोर्ट अडलेलाच आहे. किल देऊनही जात नाही.

कंट्रोल-झेडने प्रोसेस संपत नाही, गोठते. गोठलेली प्रोसेस पोर्ट सोडत नाही आणि येणाऱ्या जोडण्यांना उत्तरही देत नाही, म्हणून ब्राउझर नुसता फिरत राहतो. तिला टर्म पाठवला तर तो तिच्या दारात पडून राहतो, कारण तो उचलण्याइतकीही ती जागी नसते. त्याच टर्मिनलमध्ये `एफजी` देऊन तिला पुढे आणावे आणि कंट्रोल-सी दाबावे. ते टर्मिनल हाताशी नसेल तर आधी `किल -टर्म`, मग `किल -कॉन्ट` द्यावी (टर्म आणि कॉन्ट मोठ्या अक्षरांत). जागी होताच ती पहिला सिग्नल वाचते आणि जाते. क्रमांक ९ मात्र गोठलेल्या प्रोसेसलाही लागू पडतो.

९. प्रोसेस मारली की दुसऱ्या क्षणी नव्या पीआयडीने पुन्हा उभी राहते.

तिच्यावर कोणीतरी राखण करत आहे. सर्व्हरवर तो बहुधा सिस्टमडी, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम, असतो. `सिस्टमसीटीएल स्टेटस ४८२१६` असा पीआयडीच दिला तरी ती प्रोसेस कोणत्या सर्व्हिसची आहे ते कळते. मग `सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप` आणि पुढे त्या सर्व्हिसचे नाव द्यावे. स्टॉप दिल्यावर सिस्टमडी आधी टर्म पाठवतो आणि ठरलेल्या मुदतीत, जी सहसा ९० सेकंद असते, प्रोसेस गेली नाही तर स्वतःच ९ देतो. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावरही ती नको असेल तर स्टॉपबरोबर `डिसेबल` द्यावे लागते.

विकासकाच्या यंत्रावर राखणदार वेगळा असतो. फाइल बदलली की सर्व्हर पुन्हा सुरू करणारी साधने पालक म्हणून चालतात आणि पोर्ट अपत्याकडे असतो. अपत्य मारले की पालक नवे उभे करतो. `पीएस -ओ पीपीआयडी= -पी ४८२१६` देऊन पालकाचा क्रमांक काढावा आणि त्याला थांबवावे. मात्र उत्तर १ आले तर आपला पीआयडी हीच मुख्य प्रोसेस आहे. पीआयडी १ ला काही पाठवू नये.

१०. पोर्ट धरणाऱ्या प्रोसेसचा पीआयडी १ येतो. तो कसा मारणार?

तो मारायचा नसतो. सिस्टमडी काही सर्व्हिसच्या वतीने स्वतः पोर्टवर ऐकतो आणि पहिली जोडणी आल्यावर खरी सर्व्हिस सुरू करतो. अशा ठिकाणी सर्व्हिस थांबवूनही पोर्ट सुटत नाही, कारण सॉकेट हे वेगळे युनिट असते. `सिस्टमसीटीएल लिस्ट-सॉकेट्स` मध्ये आपला पोर्ट शोधावा आणि समोर दिलेले, शेवटी '.सॉकेट' असलेले युनिट स्टॉप करावे.

११. प्रोसेसचे नाव 'डॉकर-प्रॉक्सी' आहे. ती मारली तर चालेल का?

चालणार नाही. ती फक्त बाहेरचा पोर्ट आतल्या कंटेनरकडे वळवणारी मध्यस्थ आहे. ती गेली तरी कंटेनर चालूच राहतो आणि डॉकरच्या हिशेबात पोर्ट दिलेलाच असतो. `डॉकर पीएस --फिल्टर पब्लिश=८०८०` दिल्यावर कंटेनर सापडतो; त्याला `डॉकर स्टॉप` द्यावा. डॉकर त्याला टर्म देऊन १० सेकंद थांबतो आणि मग ९ देतो. कंटेनरमधली प्रोसेस बाहेरून किल करण्याचाही उपयोग नसतो, कारण पुन्हा सुरू करण्याचे धोरण लावलेले असेल तर नववा प्रश्न नव्याने सुरू होतो.

१२. मुख्य प्रोसेस गेल्याची खात्री केली, तरी पोर्ट मोकळा होत नाही.

पहिल्या उत्तरातला शेवटचा मुद्दा येथे लागू होतो. प्रोसेसने अपत्य निर्माण केले की पालकाची उघडी सॉकेटे अपत्याकडेही येतात. पालक गेला तरी अपत्याच्या हातात ते सॉकेट राहते आणि कर्नलच्या लेखी पोर्ट वापरातच असतो. सर्व्हरने मध्येच सुरू केलेल्या, पोर्टशी काहीही संबंध नसलेल्या एखाद्या स्क्रिप्टकडेही असा वारसा जातो. एसएसच्या उत्तरात एकाच ओळीत दोन-तीन पीआयडी दिसले तर हा प्रकार समजावा.

सगळ्यांना एकत्र थांबवण्यासाठी `पीएस -ओ पीआयडी,पीजीआयडी,सीएमडी -पी ४८२१६` ने गटाचा क्रमांक काढावा आणि `किल -टर्म -- -४८२०१` याप्रमाणे गट क्रमांकापुढे उणे चिन्ह लावून सिग्नल पाठवावा. उणे चिन्ह राहिले तर सिग्नल एकाच प्रोसेसला जातो. प्रोग्राम आपलाच असेल तर सॉकेट उघडतानाच 'क्लोज ऑन एक्झेक' हा झेंडा लावणे अधिक बरे. अपत्याने दुसरा प्रोग्राम चालवायला घेतला की ते सॉकेट आपोआप बंद होते.

१३. ऐकणारी कोणतीच प्रोसेस नाही, तरी सर्व्हर पुन्हा सुरू होत नाही. मिनिटभराने आपोआप होतो.

ही टाइम-वेट अवस्था आहे. टीसीपी जोडणी जो पक्ष आधी बंद करतो त्याच्याकडे कर्नल तिची नोंद आणखी ६० सेकंद ठेवतो, म्हणजे वाटेत रेंगाळलेले जुने पाकीट नव्या जोडणीत शिरत नाही. या नोंदीला प्रोसेस नसते, त्यामुळे मारण्यासारखेही काही नसते. `एसएस -टीएएन 'स्पोर्ट = :८०८०'` दिल्यास ती दिसते.

मिनिटभर थांबावे, किंवा प्रोग्राम आपला असेल तर सॉकेट बांधण्यापूर्वी 'एसओ-रीयूज-ॲड्र' हा पर्याय लावावा. बहुतेक सर्व्हर तो लावतातच. पायथनच्या तयार एचटीटीपी सर्व्हरमध्ये तो असतो, पण त्याच्या खालच्या साध्या टीसीपी सर्व्हर वर्गात नसतो, म्हणून हा प्रश्न पायथन शिकणाऱ्यांकडून अधिक येतो. 'टीसीपी-फिन-टाइमआउट' कमी करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. ती मुदत जोडणीच्या वेगळ्या अवस्थेची आहे आणि या ६० सेकंदांना ती हात लावत नाही.

१४. सुडो देऊनही पोर्टसमोर कोणत्याच प्रोसेसचे नाव नाही, आणि अवस्था मात्र 'लिसन' आहे.

सॉकेट खुद्द कर्नलचे असू शकते. नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या एनएफएस सर्व्हरचा २०४९ हा नेहमीचा नमुना आहे. यूडीपीत वायरगार्ड हा व्हीपीएन तसाच वागतो. येथे किल निरुपयोगी आहे. एनएफएसची सर्व्हिस थांबवावी, वायरगार्डचा इंटरफेस खाली घ्यावा.

याच्या उलट प्रकारही घडतो : प्रोसेस ८०८० वर ऐकत असल्याचे तिचा लॉग सांगतो, पण एसएसमध्ये तो पोर्टच नसतो. तेव्हा ती वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये, म्हणजे स्वतःचे स्वतंत्र पोर्ट असलेल्या वेगळ्या नेटवर्क कप्प्यात, असते. `सुडो एनएसएंटर -टी ४८२१६ -एन एसएस -एलटीएनपी` दिल्यास तिच्या नजरेने यादी पाहता येते. अशी प्रोसेस आपला पोर्ट अडवू शकत नाही, तेव्हा दोषी दुसरीकडे शोधावा.

१५. किल -९ नेही प्रोसेस जात नाही.

`पीएस -ओ पीआयडी,स्टॅट,सीएमडी -पी ४८२१६` मध्ये अवस्थेचे अक्षर पाहावे. झेड असेल तर ती आधीच संपलेली आहे, फक्त पालकाने तिची नोंद काढलेली नाही. तिच्याकडे कोणतेही सॉकेट उरलेले नसते, म्हणून पोर्ट तिने अडवलेला नाही. डी असेल तर ती कर्नलच्या आत, बहुधा डिस्कच्या किंवा तुटलेल्या नेटवर्क फाइल प्रणालीच्या उत्तराची वाट पाहत आहे आणि ते उत्तर येईपर्यंत सिग्नल बाजूला ठेवला जातो. मूळ अडथळा दूर करावा. तो दूर होत नसेल तर यंत्र पुन्हा सुरू करण्यावाचून मार्ग नसतो.

१६. पोर्टवर कोणीही ऐकत नाही, टाइम-वेटही नाही, तरी पोर्ट मिळत नाही.

आधी संदेश नीट वाचावा. त्रुटी १३, म्हणजे 'परमिशन डिनाइड' असेल तर पोर्ट मोकळाच आहे. १०२४ च्या खालचे पोर्ट सामान्य वापरकर्त्याला मिळत नाहीत इतकेच.

त्रुटी ९८ च असेल तर दोन शक्यता उरतात. पहिली आयपीव्ही६ ची. दुसऱ्या उत्तरातल्या ओळीत `*:३०००` असे आहे, म्हणजे ते सॉकेट आयपीव्ही६ चे असूनही आयपीव्ही४ चा तोच पोर्ट व्यापते. जो केवळ आयपीव्ही४ ची यादी पाहतो त्याला ते दिसत नाही. दुसरी शक्यता चुकवण्यासारखी आहे : बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना कर्नल ३२७६८ ते ६०९९९ यांमधला कोणताही स्थानिक पोर्ट देतो. आपली सर्व्हिस ४०००० वर असेल तर एखादे दिवशी ती सुरू होण्यापूर्वीच तो क्रमांक कोणाच्या तरी बाहेरच्या जोडणीला गेलेला असतो. ऐकणाऱ्यांच्या यादीत ही जोडणी नसते, म्हणून एसएसला एलऐवजी ए द्यावा. सर्व्हिसला ३२७६८ च्या खालचा क्रमांक द्यावा, किंवा 'आयपी-लोकल-रिझर्व्ह्ड-पोर्ट्स' या कर्नल मांडणीत आपला क्रमांक राखून ठेवावा.

१७. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने आलो आहे. तिथला पोर्ट २२ याच रीतीने मोकळा करता येईल का?

करता येईल, आणि आपण बाहेर फेकले जाल. आपले चालू सत्रसुद्धा स्थानिक पोर्ट २२ वरच आहे, त्यामुळे `फ्यूजर -के २२/टीसीपी` आपल्या सत्रालाही संपवते. मांडणी बदलल्यावर सर्व्हिस `सिस्टमसीटीएल रीस्टार्ट` ने पुन्हा सुरू करावी. चालू सत्र त्यातून टिकते. ते तसेच उघडे ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून नवे सत्र उघडते का ते पाहावे, आणि ते उघडल्यावरच पहिले बंद करावे.

१८. कंटेनरमध्ये एसएस, एलसॉफ, फ्यूजर यांतले काहीच नाही. मग?

`कॅट /प्रॉक/नेट/टीसीपी` देता येते. प्रोग्राम आयपीव्ही६ च्या सॉकेटवर ऐकत असेल तर शेवटी टीसीपी६. यात पत्ते, पोर्ट आणि अवस्था सोळांच्या पद्धतीत असतात. ८०८० तिथे १एफ९० असा, तर १२७.०.०.१ हा पत्ता उलटा होऊन ०१००००७एफ असा दिसतो. अवस्थेच्या रकान्यात ०ए असेल ती ऐकणारी ओळ. तिच्यातला आयनोड क्रमांक, म्हणजे कर्नलने त्या सॉकेटला दिलेला ओळख क्रमांक, घ्यावा आणि `एलएस -एल /प्रॉक/[०-९]*/एफडी` च्या उत्तरात 'सॉकेट' या शब्दापुढे तोच क्रमांक शोधावा. तो ज्या फोल्डरखाली सापडेल त्याचे नाव म्हणजेच पीआयडी.